तुटक रेषेतली करंजी

शिलाई मशीनची सुई बदलायची म्हटलं की आजही मी शेजारच्या मुलीला हाक मारते. यंत्र चालवणं हा माझा प्रांतच नव्हे. पण यंत्र कागदावर काढायचं असेल, तर उभ्या चिंचवडात मी कोणाला हार गेले नसते. हा गर्व आहे, आणि या वयात तो लपवायची मला काही गरज वाटत नाही.

लग्नाआधी साताऱ्याला मी चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. सासरी त्यांचा उपयोग रांगोळीपुरता, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. पन्नास सालानंतरची ती वर्षं. पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना नुकताच सुरू झाला होता. यजमानांना तिथे नोकरी लागली आणि आम्ही चिंचवडला एका चाळीत खोली घेतली. रात्रपाळी असली की ते दिवसा झोपत, आणि वाटी जरी हातातून निसटली तरी "काय पडलं?" म्हणून उठून बसत. एका खोलीच्या संसारात आवाज न करता करण्यासारखं असतं तरी काय? तांदूळ निवडून निवडून किती निवडणार!

गल्लीच्या तोंडाशी एक पेटंट एजंट राहत. पुण्यातला व्याप आटोपता घेऊन ते पवनेकाठची हवा खायला आले होते, पण कामाने त्यांची पाठ सोडली नव्हती. शोध लावणारी माणसं त्यांचा पत्ता हुडकत यायची. साहेब त्यांचं म्हणणं ऐकून घेत, ते कायद्याच्या भाषेत लिहून काढत, सोबत आकृत्या जोडत आणि सगळं बाड कलकत्त्याच्या पेटंट कचेरीकडे रवाना करत. त्यांचा आकृत्या काढणारा माणूस एका कारखान्यात चिकटला आणि त्यांचं घोडं अडलं. अशात एका सणाला माझ्या दारातली रांगोळी त्यांनी जाता जाता पाहिली. बराच वेळ काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "सूनबाई, पट्टी कुठे लपवलीत?" मी म्हटलं, "सरळ रेघेला पट्टी कशाला लागते?" त्याच आठवड्यात ट्रेसिंगचं कापड, रेघा ओढायचं पेन आणि काळ्या शाईची बाटली आमच्या घरी येऊन पडली.

त्या कामाच्या रीती मला फार आवडल्या. कापडावर आधी खडूची पूड चोळायची, म्हणजे शाई नीट धरते. यंत्र समोरून दाखवायचं, बाजूने दाखवायचं, आणि मधोमध कापल्यासारखंही दाखवायचं. प्रत्येक भागाला आकडा द्यायचा. आणि जे शोधाचा भाग नाही, पण समजण्यासाठी दाखवायला हवं, ते तुटक रेषेत काढायचं. मावळातल्या एका सुताराने बैलगाडीचा ब्रेक केला होता. उतारावर गाडी बैलांच्या मानेवर रेटू लागली की तोच रेटा दांडीतून मागे जाई आणि चाकावर लाकडी गुटका दाबला जाई. गाडी जितकी अंगावर येईल तितका ब्रेक आवळणार. तर त्या चित्रात ब्रेक ठसठशीत काळ्या रेघेत आणि बैल तुटक रेघेत. "बैलाचा शोध काही त्यांनी लावलेला नाही," साहेब म्हणाले. मला आधी हसू आवरेना, आणि मग वाटलं, किती प्रामाणिक पद्धत आहे ही! आपलं किती आणि आयतं मिळालेलं किती, हे रेघेनेच कबूल करून टाकायचं.

माणच्या एका बागाईतदाराने विहिरीत सोडायच्या पाइपाला अशी झडप केली होती की तिच्यात पाला अडकला तर ती स्वतःच झटकून टाकी. एका औषधवाल्याने इंजेक्शनच्या बाटलीचं नवं बूच शोधून काढलं होतं. सुई एकदा आत जाऊन आली की त्यावर खूण उमटे, म्हणजे वापरलेली बाटली कोणी कोरी म्हणून गळ्यात मारू नये. एका शाळामास्तरांनी कंदील आणि दोन चेंडू घेऊन ग्रहण दाखवायचं यंत्र रचलं होतं, आणि ते समजावताना ते इतके रंगत की साहेबांचा चहा निवून जाई. मी जमिनीवर पाट ठेवून ही चित्रं काढत बसे आणि एकेकाला मनातल्या मनात हात जोडी. आपण एखाद्या जागी अडतो, दोन शिव्या देतो आणि पुढे जातो. ही माणसं अडल्या जागीच ठाण मांडून बसली होती.

माझ्या माहेरी एक वैद्य होते. काविळीवर त्यांच्या औषधाचा हुकमी गुण यायचा, पण सांगितलं की गुण जातो, म्हणून त्यांनी ते पोटच्या मुलालाही सांगितलं नाही. ते गेले, त्यांच्याबरोबर औषधही गेलं. पेटंटचं नेमकं उलटं असतं. तुमची युक्ती कोणालाही करता येईल इतकी उलगडून लिहून द्या, मग काही वर्षं ती तुमचीच, असं सरकार तुम्हाला लिहून देतं. अर्जावर 'खरा आणि पहिला शोधक' कोण ते नाव घालावं लागे. हे शब्द मी कितीदा तरी मनात घोळवले आहेत.

आता वहिनींकडे येते. वहिनी आमच्या शेजारच्या खोलीत राहत. ताथवड्याच्या शेतकरी घरातल्या, अंगाने भक्कम, आणि आवाज असा की यजमानांच्या रात्रपाळीचं आणि त्यांचं हाडवैर. त्यांचे मालक चाकणचे. त्यांना मी भावजी म्हणे. मुंबई-पुणे रस्त्यावरच्या एका वर्कशॉपात ते दातेरी चाकं कापण्याचं काम करत. बायकोच्या वाट्याला सगळं बोलणं गेल्यामुळे की काय, स्वतः शब्द जपून वापरत.

एका दिवाळीत वहिनींची करंजी कढईत फुटली आणि तेल उडून मनगटावर आलं. करंजी तळणाऱ्या बाईला हे नवं नाही. कड नीट चिकटली नाही की तेलात तोंड उघडतं, सारण बाहेर येतं आणि सगळं तेल खराब होतं. वहिनी हात पाण्यात बुडवून बसल्या आणि करंजीचा उद्धार करू लागल्या. तेवढ्यात भावजी कामावरून आले, तेव्हा तोफेचं तोंड तिकडे वळलं.

"अवो, तुमची ती दोन चाकं एकमेकात दात घालून फिरत्यात, ती कवा सुटत्यात का? मंग हिचं तोंड तसं का न्हाई शिवत?"

वर्कशॉपात डबा द्यायला गेल्या की वहिनी ती चाकं बघत उभ्या राहायच्या, हे मला ठाऊक होतं. भावजींनी हातपाय धुतले, एक कच्ची करंजी उचलली आणि तिची कड दोन बोटांत धरून बघत बसले.

पुढचे कित्येक दिवस आम्ही शेजाऱ्यांनी फाटक्या करंज्या खाल्ल्या. भावजींनी वर्कशॉपातून कापून आणलेल्या पहिल्या चिमुकल्या चाकांचे दात फार तीक्ष्ण होते, पारी फाटायची. वहिनी ती चाकं परत पाठवत, "दात जरा म्हातारे करा" म्हणत. मग दात गोल झाले, तर पीठ त्यांत अडकून बसू लागलं. वहिनींनी चाकं तांदळाच्या पिठात बुडवून पाहिली, भावजींनी ती घासून आरशासारखी केली. शेवटी जे तयार झालं ते असं: एका दांड्याच्या टोकाला वर-खाली दोन चिमुकली दातेरी चाकं. करंजीची कड त्यांच्यामध्ये धरून दांडा फिरवला की दुमडलेल्या पारीच्या दोन्ही कडा एकमेकींत घट्ट रुतत. शेजारी एक साधी चकती, ती उरलेली कड कापून टाकी. आपलं नेहमीचं कातण नुसतं कापतं. हे आधी शिवायचं आणि मग कापायचं. त्या दिवशी तळलेल्या घाण्यातली एकही करंजी उघडली नाही, आणि वहिनींनी झारा हातात घेऊन चाळीभर आरोळी ठोकली.

मीच त्या दोघांना साहेबांकडे घेऊन गेले. साहेबांनी कातण उलटंसुलटं केलं, दोन बोटांत कागदाची घडी धरून तिच्यावरून फिरवलं, आणि त्यांचा चेहरा ग्रहणवाल्या मास्तरांसारखा खुलला. "होईल, याचं पेटंट होईल," ते म्हणाले. मग पेन उघडून भावजींकडे बघत त्यांनी विचारलं, "शोधक म्हणून नाव कसं घालू?"

"हिचं घाला," भावजी म्हणाले. "म्या नुस्तं कापलं. बोलली ती."

वहिनींनी डोक्यावरचा पदर पुन्हा पुन्हा सारखा केला. घरी परतताना त्यांनी मला गल्लीत थांबवलं.

"ताई, सरकारच्या कागदावर माजं नाव येनार? माजंच?"

"तुमचंच."

"जमिनीवर भावांचं नाव हाय. खोलीवर मालकांचं. लगीन झाल्यावर माजं नावबी बदललं. मी कुटंच न्हाई बगा."

त्या दुपारपासून वहिनी माझ्याकडे पाटी घेऊन येऊ लागल्या. त्यांना वाचायचं नव्हतं, सही शिकायची होती. त्यांची बोटं पाटीवर अशी दाब देत की पेन्सिली मोडायच्या. इकडे मी आकृती काढायला घेतली. कातण ठसठशीत काळ्या रेघेत, एकेक दात मोजून, आणि करंजी अर्थातच तुटक रेषेत. खालच्या कोपऱ्यात शोधकाच्या नावाची जागा होती. तिथे मी वहिनींचं नाव शिसपेन्सिलीने हलकंच लिहून ठेवलं. अर्ज जाताना त्यावर शाई फिरवायची होती.

साहेबांनी एकच ताकीद दिली होती. "अर्ज कलकत्त्याला पोचेपर्यंत ही वस्तू कोणाला दाखवायची नाही. एकदा का लोकांत गेली, की संपलं. मग पेटंट मिळत नाही." वहिनींनी गळ्याला हात लावून शपथ घेतली होती.

नेमका साहेबांचा दमा बळावला आणि अर्ज टेबलावर पडून राहिला. माझी आई आजारी पडली, म्हणून मीही साताऱ्याला गेले. परतले ती रथसप्तमीच्या दिवशी. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. वहिनींनी आपलं अगदी शेवटच्या दिवशी ठेवलं होतं. मी लुगडं बदलून तशीच शेजारी गेले.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. चाळीतल्या झाडून सगळ्या बायका, गावठाणातल्या पाटलीणबाई, पिंपरीच्या कॉलनीतल्या दोघी-तिघी, ताथवड्याहून आलेली वहिनींची आत्या. हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला, आणि वहिनींनी माझ्या ओटीत वाण घातलं. पितळेचं, चकचकीत, दोन दातेरी चाकांचं कातण.

वर बघते तो प्रत्येकीच्या हातात तेच. मधोमध परातीत पीठ मळून ठेवलेलं, आणि वहिनी एकेकीला करंजी करून बघायला लावत होत्या. "अशी धरा. दाबू नगासा, नुस्तं फिरवा. बगा, शिवलं का न्हाई?" आत्याबाई तर तिसरी करंजी करत होत्या.

मी वहिनींना दाराआड ओढलं. "अहो, साहेबांनी काय सांगितलं होतं? कोणाला दाखवायचं नाही म्हणून!"

"कुनाला दावलं?" वहिनी खरोखरच चकित झाल्या. "कारखान्यातल्या एका मान्साला दावलं न्हाई. दुकानदाराला न्हाई. बायकास्नी दावलं म्हंजी काय दावलं व्हय? वाण तर द्याचंच हुतं. मंग दरवर्सासारक्या डब्या कशाला देऊ? माज्या हातचं असताना?"

"आणि एवढी कातणं केली कोणी?"

"मालकांनी. पयलं लोखंडाचं हुतं, पर लोखंड वाणाला देत न्हाईत. म्हून पितळंची करून घेतली."

भावजी बाहेर ओट्यावर बसले होते. मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते म्हणाले, "हळदीकुंकू बायकांचं. त्यात म्या काय बोलायचं?" मला त्या दोघांना धरून एकमेकांवर आपटावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी आतून त्या बायकांचा असा काही हसण्याचा गलका आला की माझा राग कुठे टेकवू हेच मला कळेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं साहेबांपुढे उभे राहिलो. सांगायचं काम माझ्याकडे आलं. वहिनींचे दाराआडचे शब्दही मी जसेच्या तसे सांगितले. साहेब ऐकत गेले, तसे उशीला टेकून बसलेले हळूहळू ताठ झाले. "वाटलं? वाटून वर करायलाही लावलं?" एवढंच त्यांनी विचारलं. मग कितीतरी वेळ खोकत राहिले. खोकला थांबल्यावर म्हणाले, "एक वाट आहे."

त्यांनी कागद ओढला आणि मजकूर लिहून काढला. मग तो आम्हाला वाचून दाखवला. समारंभ घरगुती होता. बाहेरचं कोणी नव्हतं. वस्तू लोकांमध्ये गेलेली नाही, केवळ काही स्त्रियांना दिलेली आहे. "एवढ्यावर सही करा, वहिनीबाई. मी निभावून नेईन. हळदीकुंकू म्हणजे काय, हे कलकत्त्यात कोण विचारायला बसलंय?"

माझा जीव भांड्यात पडला. मी स्वतः पेन शाईत बुडवून वहिनींच्या हातात दिलं. महिनाभर गिरवलेली सही करायची वेळ आली होती. वहिनींनी पेन धरलं, कागदावर वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"साहेब, ते शेवटचं पुन्यांदा वाचा."

साहेबांनी वाचलं.

"म्हंजी काय?"

"म्हणजे," साहेब समजूत घालत म्हणाले, "कायद्याच्या भाषेत त्या बायका म्हणजे लोक धरायचे नाहीत."

"आमची आत्या? पाटलीनबाई? या ताई?"

"अहो, कागदापुरतं. काल तुम्हीच तर म्हणालात ना, बायकांना दाखवलं म्हणजे काय दाखवलं?"

"व्हय, म्हनले. तोंडानं म्हनले. सही करून न्हाई म्हनले." वहिनींनी पेन खाली ठेवलं. "त्या लोकांत न्हाईत आसं लिवून खाली माजं नाव घालू? मंग माज्या नावाला तरी कोन लोकांत धरनार?"

भावजी जमिनीकडे बघत होते, पण मला दिसलं, त्यांची मान हळूच होकारार्थी हलत होती. साहेबांनी चष्मा काढला, कागदाची घडी केली आणि आत चहा टाकायला सांगितलं.

मी मात्र चहाही घेतला नाही. परतताना सगळ्या गल्लीतून मी वहिनींना बोल बोल बोलले. हातातोंडाशी आलेलं घालवलंत, असं म्हणाले. कागदावरच्या दोन ओळींनी कोणाचं काय गेलं असतं, असंही म्हणाले. आणि मग चाळीच्या दाराशी मलाच रडू फुटलं. त्यांच्या नावासाठी मला इतकं वाईट वाटत होतं, आणि त्यांनी जे केलं त्याने ऊर इतका भरून आला होता, की दोन्ही एकदम आवरेना. वहिनी माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "तुमी कशापायी रडताय? सही माज्या हातात ऱ्हायलीच की."

त्या वर्षीची दिवाळी आली. चाळीत फराळाची ताटं एकमेकांकडे जाऊ लागली. माझ्याकडे ताटं येत गेली, आणि प्रत्येक ताटातल्या करंजीला तीच बारीक दातेरी कड. सैल मळलेली, घट्ट मळलेली, लाल झालेली, पांढरी राहिलेली, करंजी कोणाचीही असो, तोंड एकीचंही उघडलेलं नव्हतं. पुण्याच्या बाजारात, बोहरी आळीत म्हणे तसली कातणं विकायलाही आली होती. मी माझी आकृती रथसप्तमीपासून गुंडाळून फळीवर टाकली होती. तिच्यातले ते मोजून काढलेले दात आता समोर ताटाताटांत पडलेले होते.

संध्याकाळी वहिनी आल्या. माझ्या पाटावर त्यांनी सगळ्या घरच्या करंज्या ओळीने मांडल्या आणि एकेक उचलून तपासू लागल्या. "ह्यी पाटलीनबाईची, हिनं मोहन कमी घातलं. ह्यी कॉलनीतल्या बाईची, सारान जास्त झालं. पर कड बगा. एक सुटली न्हाई." मग तोंड फुगवून म्हणाल्या, "आता समद्यांच्याच चांगल्या झाल्या. माजी कोन खानार?" मी हसले. त्याही हसल्या, यजमान झोपलेत हे विसरून, नेहमीसारख्या मोठ्याने.

हसणं थांबल्यावर त्यांनी फळीकडे बोट केलं. "ते तुमचं चित्तर काडा."

मी कापड उलगडून पाटावर पसरलं. कोपऱ्यातलं पेन्सिलीने लिहिलेलं नाव बरंचसं पुसट झालं होतं.

"शाई द्या. सही करते."

"वहिनी, आता हे कुठे पाठवायचं नाही. कलकत्त्याला याचा काही उपयोग नाही."

"कलकत्त्याला कोन धाडतंय?" त्या म्हणाल्या. "लोकास्नी म्हाईत हाय."

मी शाईची बाटली उघडली. वहिनींनी ओठ दातांखाली धरून, पेन मोडेल इतका दाब देऊन सही केली, आणि शाई वाळेपर्यंत त्या कापडाला कोणाला हात लावू दिला नाही.